डुकराची किडनी माणसाला: शरीर नेमकं कुठे कुठे अडवतं?

शलाका

किडनीच्या प्रतीक्षायादीतल्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली हमखास विचारतात, "ते डुकराच्या किडनीचं कुठवर आलं?" मी क्रॉसमॅचच्या, म्हणजे दाता रुग्णाला जुळतो का ते तपासण्याच्या, प्रयोगशाळेत काम करते. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर उगाच आशा लागते. म्हणून हा धागा काढतेय. तुम्हाला माहीत असलेलं जरूर लिहा.

आमचं रोजचं काम असं. दात्याच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यात रुग्णाचा सीरम मिसळायचा, मग सशाच्या रक्तातून मिळवलेलं कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, चिकटलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) घालायचं. शेवटी रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, पेशी जिवंत आहेत की मेल्यात. मेल्या असतील तर तो दाता त्या रुग्णाला चालत नाही. माणसाच्या पेशींच्या जागी साध्या, जनुकीय बदल न केलेल्या डुकराच्या पेशी ठेवल्या, तर जवळजवळ कुणाच्याही सीरममध्ये त्या मरतील. ज्याला आयुष्यात कधी रक्त चढवलेलं नाही, ज्याचा डुकराशी कधी संबंध आलेला नाही, त्याच्याही.

याचं मूळ एका साखरेत आहे. तिचं नाव अल्फा-गाल. डुकराच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर ही साखर पसरलेली असते. बहुतेक सस्तन प्राणी ती बनवतात. माणूस, वानर आणि आफ्रिका-आशियातली माकडं मात्र बनवत नाहीत, कारण ती तयार करणारं जनुक आपल्या पूर्वजांमध्ये २ ते ३ कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र तशीच साखर असते, त्यामुळे बाळपणापासूनच शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं. रक्तातल्या एकूण प्रतिपिंडांपैकी सुमारे १ टक्का प्रतिपिंडं या एकाच साखरेवर रोखलेली असतात. म्हणजे डुकराचा अवयव येण्याआधीच त्याच्याविरुद्धची फौज रक्तात तयार असते.

अशा शरीरात साधी डुकराची किडनी जोडली आणि रक्त सोडलं की पहिली काही मिनिटं ती छान गुलाबी दिसते. मग प्रतिपिंडं अस्तराला चिकटतात आणि कॉम्प्लिमेंटची साखळी पेटते. अस्तराच्या पेशी फाटतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्त बाहेर झिरपतं. काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत अवयव काळानिळा पडतो. याला हायपरॲक्यूट रिजेक्शन म्हणतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नसतो, कारण त्या मुख्यतः टी-पेशींना (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवरतात आणि हा मारा टी-पेशी जाग्या होण्याच्या आधीच होऊन जातो.

अल्फा-गालच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असलेली पिल्लं २००२ मध्ये जन्मली. डॉली मेंढीला जन्म देणारं क्लोनिंगचं तंत्र इथे कामी आलं. या डुकरांचे अवयव बबून माकडांमध्ये मिनिटांऐवजी आठवडे, महिने टिकले. प्रश्न सुटला असं वाटलं असणार. पण मुख्य अडसर दूर झाल्यावर त्यामागे दडलेले बाकीचे अडसर दिसू लागले. आणखी दोन साखरा निघाल्या, एनईयू५जीसी आणि एसडीए. त्यांचीही जनुकं बंद केली.

इथे मला सगळ्यात विचारात पाडणारी गोष्ट सांगते. एनईयू५जीसी बनवण्याची क्षमता माणसाने वीस-तीस लाख वर्षांपूर्वी गमावली, पण बबूनकडे ती अजून आहे. म्हणून तिन्ही साखरा काढलेल्या डुकराच्या पेशींवर माणसाचा सीरम बहुतेक वेळा शांत राहतो, बबूनचा मात्र भडकतो. साखर काढल्यामुळे तिच्याखाली झाकलेलं काहीतरी उघडं पडतं आणि बबूनचं शरीर त्याला परकं मानतं. म्हणजे माणसासाठी सर्वात योग्य असलेलं डुक्कर प्राण्यांवरच्या प्रयोगात मार खातं. माकडात यशस्वी करून दाखवा आणि मग माणसाकडे या, ही नेहमीची वाट इथे सरळ राहत नाही.

साखरांनंतर येतात प्रथिनं. प्रत्येक प्राण्याच्या पेशीवर कॉम्प्लिमेंटला लगाम घालणारी प्रथिनं असतात. डुकराची ही प्रथिनं माणसाच्या कॉम्प्लिमेंटला पुरेसा लगाम घालू शकत नाहीत, म्हणून सीडी४६ आणि सीडी५५ ही मानवी जनुकं डुकरात घालतात. मग रक्त गोठण्याचा प्रश्न. आपल्या वाहिन्यांच्या अस्तरावर थ्रॉम्बोमॉड्युलिन नावाचं प्रथिन असतं. ते रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडून त्याच्याकडून उलटं काम करून घेतं, म्हणजे गोठणं थांबवणारं प्रोटीन सी जागं करतं. डुकराचं थ्रॉम्बोमॉड्युलिन आपल्या थ्रॉम्बिनला पकडतं खरं, पण पुढचं काम त्याला नीट जमत नाही. परिणामी अवयवाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या साठत राहतात आणि रुग्णाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स संपत जातात. त्यावर उपाय म्हणून मानवी थ्रॉम्बोमॉड्युलिनचं जनुक घालतात. शिवाय सीडी४७ हे प्रथिन, जे आपल्या भक्षक पेशींना "हा आपलाच आहे, खाऊ नका" असं कळवतं. डुकराचं सीडी४७ आपल्या पेशींना नीट वाचता येत नाही, म्हणून तेही मानवी घालावं लागतं.

एवढं केल्यावर कुठे टी-पेशी आणि नव्याने बनणारी प्रतिपिंडं, म्हणजे माणूस-ते-माणूस प्रत्यारोपणातला नेहमीचा लढा सुरू होतो. तोही इथे जास्त तिखट असतो. विषाणूंबद्दल आणि अवयवाच्या रोजच्या कामाबद्दल मी अजून लिहिलेलंच नाही. बोटं दुखली, पुढचं प्रतिसादांत.

चकोर

ताई, फार छान उलगडून सांगितलंत. एक शंका. माझ्या वडिलांच्या हृदयात डुकराची झडप आहे, दहा वर्षं झाली. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी एकही गोळी नाही. मग ती काळीनिळी कशी पडली नाही?

शलाका

चकोर, ती झडप जिवंत नसते. बसवण्याआधी ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये भिजवून पक्की करतात. पेशी मेलेल्या, प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंफलेली. कातडं कमावतात तसंच काहीसं. तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, मग अस्तर फाटून गुठळ्या व्हायचा प्रश्न येत नाही. पण शरीर तिला पूर्ण विसरतं असंही नाही. वर्षांनुवर्षं तिच्यावर कॅल्शियम साठून ती कडक होत जाते, आणि तरुण रुग्णांत हे लवकर होतं. म्हणून कमी वयात बऱ्याचदा धातूच्या झडपेचा विचार करतात. वडिलांची इको तपासणी वेळेवर होतेय ना?

चकोर

हो, दर वर्षी. धन्यवाद, आज पहिल्यांदा नीट कळलं.

ओवी

अल्फा-गालवरून आठवलं. काही जातींची गोचीड चावल्यावर माणसांना लाल मांसाची ॲलर्जी होते, ती याच साखरेमुळे. जेवल्यावर लगेच नाही, दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) २०२० मध्ये अल्फा-गाल नसलेल्या डुकराला मंजुरी दिली, आणि ती अन्न व औषधोपयोग दोन्हींसाठी होती.

मुक्तछंद

मला एक कळत नाही. डुक्कर आपल्यापासून आठ कोटींहून जास्त वर्षांच्या अंतरावर, चिंपांझी घरातला म्हणावा इतका जवळचा. मग एवढी साखर काढा, जनुकं घाला करण्यापेक्षा वानराचाच अवयव का नाही घेत?

वसंतराव

मुक्तछंद, तेच आधी करून पाहिलं होतं. मी पशुवैद्य आहे, या इतिहासात बरंच वाचन केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९६३-६४ मध्ये कीथ रीम्ट्स्मा यांनी चिंपांझीच्या किडन्या १३ रुग्णांना जोडल्या. बहुतेक जण आठवड्यांत गेले, पण एक स्त्री सुमारे ९ महिने जगली आणि या काळात कामावरही परतली होती. त्या काळची औषधं पाहता हे थक्क करणारं आहे. १९६४ मध्येच जेम्स हार्डी यांनी चिंपांझीचं हृदय एका माणसाला बसवलं, ते लहान पडलं आणि तास-दोन तासांत थांबलं. १९८४ मध्ये लेनर्ड बेली यांनी एका तान्ह्या मुलीला बबूनचं हृदय दिलं, ती तीन आठवडे जगली. तिचा रक्तगट ओ होता आणि बबूनचा एबी. बबूनमध्ये ओ गट जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे जुळणारं हृदय मिळणं अवघडच होतं. १९९२ मध्ये थॉमस स्टार्झल यांच्या चमूने बबूनचं यकृत बसवलं, तो रुग्ण ७० दिवस जगला.

आता अडचण. चिंपांझीला एका वेळी एकच पिल्लू, वाढायला वर्षांनुवर्षं, आणि ती जात आधीच संकटात. बबूनचे अवयव मोठ्या माणसाला अपुरे पडतात. पण सगळ्यात मोठं कारण विषाणू. एचआयव्ही आपल्याकडे आला तो चिंपांझीतूनच. जो प्राणी जितका जवळचा, त्याच्या विषाणूला आपल्या पेशीत शिरायची वाट तितकी ओळखीची. डुकरीण ११४ दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज, आणि सहा-आठ महिन्यांत अवयव माणसाच्या मापाचे होतात. म्हणून डुक्कर.

पण डुक्कर म्हणजे विषाणूंपासून सुटका नव्हे. इथे माझ्या क्षेत्रातलं सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात बार्टली ग्रिफिथ आणि मुहम्मद मोहिउद्दीन यांनी डुकराचं जनुकबदल केलेलं हृदय एका माणसाला बसवलं. रुग्ण दोन महिने जगला. नंतर त्याच्या रक्तात डुकराचा सायटोमेगालोव्हायरस सापडला. दाता डुकराच्या नाकातल्या नमुन्याची चाचणी निगेटिव्ह आली होती. हा विषाणू तसाच आहे. पिल्लाला आईकडून मिळतो आणि मग अंगात दडून बसतो. नाकात सापडत नाही, म्हणून रक्तात त्याची प्रतिपिंडं शोधावी लागतात. आणि पिल्लं सिझेरियनने काढून किंवा जन्मताच आईपासून वेगळी करून वाढवली तर कळप त्यापासून मुक्त ठेवता येतो. हे आम्हा पशुवैद्यांचं जुनं ज्ञान आहे. बबूनवरच्या प्रयोगांतही हा विषाणू असलेले अवयव लवकर निकामी होतात हे आधी दिसलं होतं. त्या रुग्णाबद्दल वाचताना मला फार वाईट वाटलं. जनुकं बदलण्याचं इतकं बारीक काम झालं आणि गोठ्यातली स्वच्छता तिथे कमी पडली. त्या हृदयाच्या अपयशाला एकच कारण नव्हतं, प्रतिपिंडांचा वाटाही होता, हे मान्य. पण हे एक टाळता येण्यासारखं होतं.

शलाका

वसंतराव, किती महत्त्वाचं लिहिलंत. त्या रुग्णाबद्दल एक भर घालते. आजाराच्या ओघात त्याला बाहेरून प्रतिपिंडं दिली गेली होती. ती हजारो दात्यांच्या रक्तातून गोळा केलेली असतात, आणि त्यांत डुकराविरुद्धची प्रतिपिंडंही असणारच. हृदयाच्या भिंती जाड आणि ताठ होत गेल्या. एरवी संसर्गावर सर्रास दिलं जाणारं औषध अशा रुग्णाला घातक ठरू शकतं. हे आता सगळ्यांनीच लक्षात ठेवलंय.

रानफूल

आणि जे विषाणू डुकराच्या जनुकांतच लिहिलेले आहेत, त्यांचं काय? ते सिझेरियनने जाणार नाहीत ना?

वसंतराव

बरोबर, त्या विषाणूंना पर्व्ह म्हणतात. प्रत्येक डुकराच्या प्रत्येक पेशीत त्यांच्या प्रती असतात, पिढ्यान्‌पिढ्या. १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ते मानवी पेशींत शिरू शकतात, आणि अनेक देशांत या प्रयोगांना एकदम लगाम बसला. २०१५ मध्ये जॉर्ज चर्च यांच्या गटाने क्रिस्पर हे जनुकं कापण्याचं तंत्र वापरून डुकराच्या एका पेशीसमूहातल्या सगळ्या ६२ प्रती एकाच वेळी निकामी केल्या आणि २०१७ मध्ये अशी जिवंत पिल्लंही जन्मली. दुसऱ्या बाजूने, आजवर डुकराच्या पेशी किंवा अवयव मिळालेल्या कुठल्याही माणसाला पर्व्हचा संसर्ग झाल्याचं आढळलेलं नाही. म्हणून सगळेच गट हे करत नाहीत. मार्च २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बसवलेल्या किडनीच्या डुकरात ६९ बदल होते, त्यांतले ५९ फक्त पर्व्ह बंद करण्यासाठी. उरलेल्यांत ३ साखरांचे आणि ७ मानवी जनुकं. "६९ बदल" हा आकडा वाचून भारावण्याआधी तो कशाचा बनलाय ते बघा, एवढंच सुचवतो.

निरंजन

शरीराने स्वीकारलं असं समजू. तरी डुकराचा अवयव माणसाचं काम करेल का? माझ्या मते खरी मौज इथे आहे आणि याविषयी फार कमी बोललं जातं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो.

हृदय घ्या. डुक्कर भराभर वाढतं. त्याचं हृदय बबूनच्या छातीत गेल्यावरही वाढतच राहिलं, इतकं की आजूबाजूचं दाबू लागलं. म्युनिकच्या ब्रुनो रायशार्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये तीन गोष्टी एकत्र केल्या. हृदय काढल्यावर नुसतं बर्फात न ठेवता त्यातून थंड, प्राणवायुयुक्त द्रव फिरवत ठेवला. बबूनचा रक्तदाब डुकराइतका खाली आणला. आणि वाढ रोखणारं औषध दिलं. बबून १९५ दिवसांपर्यंत जगले. त्यानंतरच्या डुकरांत वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहकच बंद करू लागले, म्हणजे अवयव "वाढ" हा निरोप ऐकतच नाही.

किडनी बरीच सोपी वाटते, गाळणीच तर आहे. पण ती गाळणीसोबत संप्रेरकांचा कारखानाही आहे. रेनिन घ्या. रक्तदाब टिकवायला किडनी रेनिन सोडते, ते यकृतात बनलेल्या अँजिओटेन्सिनोजेनला कापतं. डुकराचं रेनिन माणसाच्या अँजिओटेन्सिनोजेनला नीट कापू शकत नाही. कुलूप आपलं आणि किल्ली दुसऱ्याची. म्हणून शरीरात पाणी कमी झालं की सावरणं कठीण जाऊ शकतं, रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो. रक्ताच्या तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिनही कमी पडतं. त्याचं इंजेक्शन देता येतं, हे त्यातल्या त्यात बरं.

यकृत सगळ्यात अवघड. शेकडो प्रथिनं तेच बनवतं, त्यांत रक्त गोठवणारी आणि न गोठवणारी दोन्ही. डुकराच्या यकृताने बनवलेला हा सगळा संच आपल्या रक्तात मिसळला की शलाकाताईंनी सांगितलेला थ्रॉम्बोमॉड्युलिनचा गोंधळ कैक पटींनी वाढतो. त्यात डुकराच्या यकृतातल्या पेशी माणसाच्या प्लेटलेट्स चक्क गिळतात. म्हणून सध्या यकृताकडे कायमचा अवयव म्हणून कमी आणि मानवी यकृत मिळेपर्यंतचा काही दिवसांचा पूल म्हणून जास्त पाहिलं जातं.

मनोगती

भारतातलाही एक प्रयत्न नोंदवायला हवा. १९९७ मध्ये आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी एका तरुणाला डुकराचं हृदय बसवलं. रुग्ण आठवड्याभरात दगावला, डॉक्टरांना अटक झाली. अल्फा-गाल नसलेलं डुक्कर तेव्हा जगात अस्तित्वात नव्हतं. वर शलाकाताईंनी लिहिलेली पहिली भिंत पाहता, ते हृदय इतके दिवस चालल्याचा दावा शास्त्रज्ञांना का पटला नाही हे आता मला समजतंय.

रानफूल

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. ही डुकरं जन्मताच आईपासून तोडलेली, बंद निर्जंतुक खोल्यांत वाढलेली. डुक्कर हुशार आणि कळपात राहणारा प्राणी आहे. मी विरोधात नाही, माझ्याच घरी उद्या गरज लागू शकते. पण त्यांना सोबतीला दुसरी डुकरं आणि उकरायला काहीतरी मिळावं, हे नियमांत असायलाच हवं.

वसंतराव

शंभर टक्के सहमत. आणि ताणाखाली वाढलेलं जनावर निरोगीही राहत नाही.

माधुरी

शलाकाताई, धागा तीनदा वाचला. माझे यजमान चार वर्षं डायलिसिसवर आहेत. एक प्रत्यारोपण झालं होतं, ते गेलं. आता प्रतिपिंडं इतकी वाढलीत की शंभरातले अठ्ठ्याण्णव दाते जुळणार नाहीत असं सांगतात. डुकराची किडनी त्यांच्यासाठी आशा आहे का? मला खरं ऐकायचंय.

शलाका

माधुरीताई, तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा होता असं आता वाटतंय. खरं तेच लिहिते.

त्यांची प्रतिपिंडं माणसांच्या एचएलए खुणांविरुद्ध, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणांविरुद्ध आहेत. डुकराच्या पेशींवर त्याच धाटणीच्या खुणा असतात, त्यांना एसएलए म्हणतात. माणसाविरुद्धची काही प्रतिपिंडं एसएलएलाही चिकटतात, काही नाही. म्हणजे ९८ टक्के माणसं नाकारणारा रुग्ण डुकराला नाकारेलच असं नाही, आणि स्वीकारेलच असंही नाही. वेगळी क्रॉसमॅच करूनच ते कळतं.

आता किती टिकली. सप्टेंबर २०२१ मध्ये रॉबर्ट माँटगोमेरी यांनी मेंदूमृत व्यक्तीला जोडलेली किडनी ५४ तास चालली, तिने लघवी केली, काळी पडली नाही. हायपरॲक्यूटची भिंत माणसातही ओलांडता येते हे तिथे दिसलं. जिवंत रुग्णांमध्ये मार्च २०२४ मधला पहिला रुग्ण दोन महिन्यांनी गेला, पण किडनी नाकारल्यामुळे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीची किडनी १३० दिवस चालली. तिला दुसराच संसर्ग झाला, त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागली आणि किडनी नाकारली गेली. जानेवारी २०२५ मधल्या एका रुग्णाची २७१ दिवस चालली. या दोघांचीही किडनी काढली आणि ते डायलिसिसवर परतले. किडनीच्या बाबतीत हा परतीचा रस्ता असतो, हृदयाच्या बाबतीत नसतो. म्हणूनच औपचारिक चाचण्या आता किडनीवर सुरू झाल्यात.

माझं मत विचाराल तर, जुळणारा मानवी दाता मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर तीच धरून ठेवा. मानवी किडनी वर्षांनुवर्षं चालते, ही अजून महिन्यांत मोजली जातेय.

माधुरी

रडू आलं वाचून, पण बरं वाटलं. निदान कुणी सरळ सांगितलं. आम्ही आत्ता काय करू शकतो?

शलाका

दोन गोष्टी, आणि दोन्ही तुमच्या हातातल्या. प्रतिपिंडं सतत बदलत असतात, म्हणून प्रत्यारोपण केंद्र सांगेल त्या तारखांना सीरमचा नमुना द्यायला विसरू नका. जुना नमुना असेल तर दाता आला तरी ऐनवेळी जुळवता येत नाही. दुसरं, रक्त चढवायची वेळ आली तर आधी विचारा, ते टाळता येईल का, एरिथ्रोपोएटिनने भागेल का. टाळता येत नसेल तर पांढऱ्या पेशी गाळलेलंच रक्त मागा. प्रत्येक पिशवीतून अनोळखी माणसाच्या नव्या खुणा शरीरात जातात आणि न चालणाऱ्या खुणांची यादी आणखी लांबते.

त्यांचा जुना अहवाल हाताशी असेल तर नाव खोडून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. कुठल्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं आहेत ते तुम्हाला एकेक करून वाचून दाखवते.

माधुरी

आज रात्रीच पाठवते.